लिखितपाठकाचा दोष : व्हॉइसओव्हरमधील स्वाभाविकतेचा आढावा

पडद्यावर न दिसणाऱ्या व्यक्तीने समोर लिहून ठेवलेला मजकूर ध्वनिमुद्रित करावा आणि तो जाहिरातीला, माहितीपटाला, सरकारी संदेशाला, प्रशिक्षणाच्या चित्रफितीला किंवा बोलत्या पुस्तकाला जोडला जावा, या कामाला मराठीत पार्श्वनिवेदन असा शब्द असला तरी स्टुडिओत तो सहसा कोणी उच्चारत नाही. तिथे व्हॉइसओव्हर हाच शब्द चालतो आणि म्हणून येथेही तोच वापरला आहे. या क्षेत्रातील सर्वांत जुनी आणि आजही सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार अशी की, आवाज चांगला आहे, उच्चार स्वच्छ आहेत, पण वाचल्यासारखे वाटते. ही तक्रार दूर करण्यासाठी नभोवाणी, रंगभूमी, भाषाविज्ञान आणि ध्वनितंत्र अशा अनेक दिशांनी युक्त्या सुचवल्या गेल्या. त्यांचा विचार करताना एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करणे इष्ट ठरते: वाक्य बोलणाऱ्याच्या मनात याच क्षणी जुळते आहे असा जो प्रत्यय ऐकणाऱ्याला येतो, त्यालाच आपण स्वाभाविकता म्हणतो, आणि मराठीपुरते बोलायचे तर त्या प्रत्ययाचा निम्म्याहून अधिक भाग कलावंताच्या गळ्यात ठरत नाही, तो त्याच्या हाती दिलेल्या कागदावर आधीच ठरून गेलेला असतो.

हा प्रश्न ध्वनिक्षेपकाबरोबर जन्मला असे मानण्याचे कारण नाही. उच्चारशास्त्राचा जुना ग्रंथ असलेल्या पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत: गाऊन म्हणणारा, घाईने म्हणणारा, डोके हलवत म्हणणारा, लिहिलेले पाहून म्हणणारा, अर्थ न समजता म्हणणारा आणि क्षीण आवाजाचा. त्यातील चौथ्याला तेथे ‘लिखितपाठक’ आणि पाचव्याला ‘अनर्थज्ञ’ असे नाव आहे. शिक्षाकारासमोर वेदपठणाची मौखिक परंपरा होती, त्यामुळे लिखित आधार घेणे हा त्याच्या दृष्टीने स्मरणाचाही दोष होता, ही गोष्ट विसरून चालणार नाही. तरीही आजच्या व्हॉइसओव्हरचे जवळजवळ सारे विकार या सहा नावांत सापडतात. प्रत्येक वाक्य एकाच चालीवर म्हणणारा जाहिरात-निवेदक हा गाऊन म्हणणाराच असतो, आणि अर्ध्या तासापूर्वी हातात आलेली संहिता, म्हणजे बोलायचा लिखित मजकूर, सरळ म्हणून टाकणारा कलावंत एकाच वेळी लिखितपाठक आणि अनर्थज्ञ ठरतो.

आधुनिक काळात या प्रश्नाची सर्वांत नेमकी मांडणी समाजशास्त्रज्ञ एर्विंग गॉफमन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फॉर्म्स ऑफ टॉक’ या ग्रंथातील नभोवाणीवरील भाषणाच्या विवेचनात केली. माणसाच्या तोंडून शब्द तीन प्रकारे बाहेर पडतात असे त्यांचे वर्गीकरण आहे: पाठ केलेले म्हणणे, लिहिलेले मोठ्याने वाचणे आणि त्या त्या क्षणी सुचेल तसे ताजे बोलणे. नभोवाणीचा निवेदक बहुतांशी दुसऱ्या प्रकारचे काम करत असतो आणि ऐकणाऱ्याला मात्र तिसऱ्या प्रकाराचा भास देत असतो. गॉफमन यांनी आणखी एक भेद केला आहे, तो व्हॉइसओव्हरच्या दृष्टीने विशेष उपयोगी आहे. शब्द रचणारा एक, त्या शब्दांमागील भूमिका ज्याची तो दुसरा आणि ते उच्चारणारा तिसरा, अशा या तीन जागा आहेत. रोजच्या बोलण्यात त्या एकाच माणसाकडे असतात. व्हॉइसओव्हरमध्ये मात्र शब्द संहितालेखकाचे, भूमिका कंपनीची किंवा शासनाची आणि तोंड कलावंताचे असते. स्वाभाविकतेची सारी तंत्रे म्हणजे या तीन जागा ऐकणाऱ्याच्या कानापुरत्या एका माणसात पुन्हा एकत्र आणण्याचे प्रयत्न होत.

भारतात मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, तेव्हा मराठी आवाजाला सवय होती ती मोठ्या सभेची, कीर्तनाच्या मंडपाची आणि ध्वनिवर्धकाविना शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्याची गरज असलेल्या नाट्यगृहाची. ध्वनिक्षेपकाने ही गरज एका फटक्यात संपवली, परंतु सवयी मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, कारण मराठी व्हॉइसओव्हरमधील कलावंत मोठ्या प्रमाणावर रंगभूमीवरूनच येत राहिले. तोंडापासून वीतभर अंतरावर असलेला ध्वनिक्षेपक हा प्रत्यक्षात एका माणसाचा कान असतो, आणि कानापाशी कोणी सभेत बोलल्यासारखे बोलू लागले तर शब्द कितीही चांगले असले तरी माणूस मागे सरकतो. इंग्लंडमध्ये १९२७ पासून बीबीसीच्या भाषण विभागाच्या प्रमुख असलेल्या हिल्डा मॅथेसन यांना हाच अनुभव आला. ध्वनिक्षेपकासमोर जाहीर सभेसारखे बोलणे निरुपयोगी ठरते आणि दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाची अपेक्षा आपल्याशी व्यक्तिशः बोलले जावे अशी असते, असा निष्कर्ष त्यांनी १९३३ च्या आपल्या पुस्तकात नोंदवला. ‘एकाच माणसाशी बोला’ हा आज प्रत्येक प्रशिक्षणवर्गात दिला जाणारा सल्ला तेथपासून चालत आला आहे.

मराठीत हा सल्ला अधिक खोलवर जातो, कारण मराठीचे व्याकरणच बोलणाऱ्याला समोरचा माणूस निवडायला भाग पाडते. इंग्रजीतील ‘यू’ या एकाच सर्वनामाच्या जागी मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ आहेत, आणि प्रत्येकाबरोबर क्रियापदाचे रूप, वाक्याचा सूर आणि दोघांमधील अंतर बदलते. एखाद्या बँकेच्या संदेशात ‘आपण’ असे लिहिलेले असताना कलावंताने मनात धाकटी बहीण समोर बसवली, तर आवाज एक सांगतो आणि व्याकरण दुसरे. म्हणून काल्पनिक श्रोता निवडताना केवळ आवडती व्यक्ती निवडून भागत नाही. ज्या व्यक्तीशी आपण खरोखरच त्या सर्वनामाने बोलतो अशीच व्यक्ती डोळ्यासमोर आणावी लागते. आकाशवाणीच्या जुन्या कार्यक्रमांना हे उपजत कळले होते असे दिसते. ‘कामगार सभा’ आणि ‘वनिता मंडळ’ या नावांतच श्रोता ठरलेला होता. ‘पुन्हा प्रपंच’ या मालिकेत बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांनी पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भाऊजी उभे केले, त्या संवादांचे बळ मोठ्या नाट्यात नव्हते, घरातील माणसे एकमेकांचे वाक्य अर्ध्यावर उचलतात, हे त्यांत ऐकू येत होते.

याच काळात दुसरी एक शैलीही रुजली. १९४८ साली मुंबईत स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवले जात, आणि त्यांतील निवेदन भारदस्त, सर्वज्ञ, वरून खाली येणारे असे. आज ते कृत्रिम वाटते. परंतु धरणे, पोलादाचे कारखाने आणि पंचवार्षिक योजना यांविषयी एक नवे राज्य आपल्या नागरिकांशी बोलत होते, तेव्हा तो स्वर त्या नात्याला अनुरूप होता. स्वाभाविकता ही कालसापेक्ष असते, हे मान्य केल्याशिवाय कोणत्याही तंत्राचे मूल्यमापन करता येत नाही, आणि आजची गप्पांच्या सुरातली शैलीही काही वर्षांनी तितकीच ठरावीक वाटू शकते, याची जाणीव ठेवलेली बरी.

आता कागदाकडे वळणे आवश्यक आहे, कारण मराठी व्हॉइसओव्हरचा खरा पेच तेथे आहे. प्रमाण मराठीची लिखित रूपे आणि प्रमाण मराठीचीच बोलली जाणारी रूपे यांच्यात ठरलेले अंतर आहे. लेखनात ‘झाले’, ‘केले’, ‘मुले’, ‘येत आहे’ असे येते. बोलण्यात तीच माणसे ‘झालं’, ‘केलं’, ‘मुलं’, ‘येतोय’ किंवा ‘येतेय’ म्हणतात. ज्या संहितेत एकारान्त रूपे तशीच ठेवलेली असतात ती कितीही मोकळेपणाने म्हटली तरी बातमीपत्राच्या किंवा शासकीय निवेदनाच्या सुरात जाते, आणि जी संहिता अर्धी एका व अर्धी दुसऱ्या रूपात असते ती त्याहून वाईट, कारण तिच्यात माणूस वाक्यागणिक बदलतो. याखेरीज बोलण्यात मराठी वाक्याचा क्रम सैल होतो. ‘तो काल गावाहून आला आहे’ हे लिहिण्यातले वाक्य झाले. बोलताना ‘कालच आलाय तो गावाहून’ असे होते, म्हणजे महत्त्वाचा शब्द पुढे येतो, त्याला ‘च’ चिकटतो आणि उरलेला तपशील क्रियापदाच्या मागे ओघाने येतो. मराठीत भर देण्याचे काम शब्दक्रम आणि ‘च’, ‘तर’, ‘ना’, ‘की’, ‘बरं का’ यांसारखी छोटी अव्यये फार मोठ्या प्रमाणावर करतात. ती संहितेतून काढून टाकली की भर देण्यासाठी कलावंतापाशी केवळ आवाज उंचावणे उरते, आणि मग इंग्रजी जाहिरातींप्रमाणे एकेका शब्दावर हातोडा मारल्यासारखे बोलणे सुरू होते, जे मराठी कानाला तात्काळ परके वाटते.

या दोषाचा उगम बहुतेक वेळा अनुवादात असतो. देशभर चालणारी जाहिरात प्रथम हिंदीत किंवा इंग्रजीत लिहिली जाते, तिचे दहा, वीस किंवा तीस सेकंदांचे मोजमाप ठरते आणि त्यानंतर त्याच मापात मराठी बसवली जाते. परिणामी ‘मला मदत करा’ऐवजी ‘माझी मदत करा’ ऐकू येते. आणि ‘केस मजबूत होतात’ अशा साध्या विधानाऐवजी ‘केसांना बनवा मजबूत’ असे वाक्य येते, ज्यात निर्जीव कर्माला मराठीत न लागणारा प्रत्यय लागलेला असतो आणि ‘करणे’ हे घरचे क्रियापद असताना ‘बनवणे’ बाहेरून आणलेले असते. ‘आपल्या कुटुंबाच्या उत्तम आरोग्यासाठी दररोज एक ग्लास दुधाचे सेवन करा’ हे वाक्य कोणताही श्वासाचा व्यायाम, कोणतीही कल्पनाशक्ती स्वाभाविक करू शकत नाही. ‘घरच्यांची तब्येत सांभाळायची ना, मग रोज ग्लासभर दूध हवंच’ हे वाक्य साधारण कलावंताच्या तोंडीही जिवंत होते. तंत्राची चर्चा करणाऱ्या पुस्तकांनी आणि वर्गांनी या मूळ गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, आणि त्याचा भार विनाकारण कलावंतावर पडतो.

उच्चाराच्या बाबतीतही कागदाची सावली पडते. ‘चार’ या संख्येतील ‘च’ तालव्य आहे, म्हणजे जीभ टाळूला लागून निघणारा, तर गुरांच्या ‘चाऱ्या’तील ‘च’ दातांच्या मुळाशी निघतो. लिपी हा भेद दाखवत नाही, म्हणून केवळ लिपीवर विसंबणारा वाचक तेथे पकडला जातो. ‘ळ’च्या जागी ‘ल’ किंवा ‘ण’च्या जागी ‘न’ ऐकू आला की ऐकणाऱ्याचे लक्ष अर्थावरून उडून उच्चारावर जाते, आणि स्वाभाविकतेचा प्रत्यय तेथेच तुटतो.

संहिता बोलण्याजोगी आहे असे गृहीत धरले, तर पुढचा प्रश्न तिचे तुकडे कसे पाडावेत हा येतो. लिखित मजकुरातील स्वल्पविराम आणि पूर्णविराम डोळ्यांसाठी असतात, तर बोलताना माणूस विचाराच्या तुकड्यांनी थांबतो. भाषावैज्ञानिक वॉलेस चेफ यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात सहज बोलण्याचे विश्लेषण करून असे दाखवले की, इंग्रजीत असा एक तुकडा सरासरी सुमारे पाच शब्दांचा असतो आणि एका तुकड्यात सामान्यतः एकच नवी कल्पना येते. मराठीचे शब्द प्रत्ययांमुळे लांब होत असल्याने हा आकडा जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण ‘एका दमात एकच नवी गोष्ट’ हे तत्त्व मात्र निश्चित लागू पडते. अनुभवी कलावंत म्हणूनच संहिता हातात येताच तिच्यावर पेन्सिलीने तिरप्या रेघा मारून घेतात आणि छापील विरामचिन्हे जवळपास विसरून जातात.

तुकड्यांच्या या विचाराला भरताच्या नाट्यशास्त्रातील काकुविचार जोडला तर तो अधिक परिपूर्ण होतो. वाचिक अभिनयाच्या, म्हणजे वाणीने करावयाच्या अभिनयाच्या विवेचनात भरताने काकु, म्हणजे अर्थाप्रमाणे वळणारा सूर, दोन प्रकारचा सांगितला आहे: अर्थ अजून पुरा व्हायचा आहे असे सुचवणारा तो साकांक्ष आणि अर्थ पुरा झाला असे सांगणारा तो निराकांक्ष. वाचल्यासारखे वाटणाऱ्या व्हॉइसओव्हरमध्ये जवळजवळ प्रत्येक वाक्य निराकांक्ष सुरात खाली उतरते, जणू प्रत्येक वाक्य हा एक निकाल आहे. बोलणारा माणूस मात्र आपली बहुतेक वाक्ये साकांक्ष ठेवतो. पुढे काहीतरी येणार आहे हे तो सुराने सांगत राहतो आणि खरोखर बोलणे संपले तेथेच सूर टेकवतो. तीस सेकंदांच्या जाहिरातीत सूर टेकवण्याची जागा बहुधा एकच असते. भरताने पाठाची सहा अंगेही सांगितली आहेत: विच्छेद म्हणजे विराम, अर्पण म्हणजे आवाजाने रंगस्थळ भरून टाकणे, विसर्ग म्हणजे वाक्याची समाप्ती, अनुबंध म्हणजे न तुटता पुढे जाणे, दीपन म्हणजे क्रमाने चढणे आणि प्रशमन म्हणजे चढलेला स्वर न खुपता उतरवणे. यांपैकी अर्पणाची गरज ध्वनिक्षेपकाने संपवली, परंतु उरलेल्या पाच अंगांसाठी याहून नेमकी परिभाषा आजच्या कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडत नाही, आणि मराठी प्रशिक्षणात ती वापरली जाऊ नये याला काही कारण नाही.

कलावंताने करावयाच्या कल्पक युक्त्यांपैकी सर्वांत परिणामकारक म्हणजे पूर्ववाक्य. संहितेचे पहिले वाक्य निर्वात जागेतून सुरू होते, म्हणून ते हटकून घोषणेसारखे येते. त्यावर उपाय असा की, ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावर कलावंताने त्या वाक्याआधी आपले एक वाक्य बोलावे, उदाहरणार्थ ‘अहो, इतका विचार कसला करताय?’ आणि त्याच ओघात संहितेत शिरावे; नंतर संपादक ते वाक्य कापून टाकतो, पण त्याने दिलेला धक्का पुढच्या शब्दांत राहतो. हीच कल्पना प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला मनातल्या मनात वापरता येते: समोरच्याने काहीतरी विचारले आणि संहितेतील वाक्य हे त्याचे उत्तर आहे असे धरायचे. उत्तर म्हणून बोललेले वाक्य सहसा कृत्रिम होत नाही, कारण उत्तरात कोणता शब्द नवा आहे हे प्रश्नच ठरवून देतो.

रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की यांच्या अभिनयपद्धतीतून आलेला दुसरा उपाय म्हणजे भावनेऐवजी क्रिया निवडणे. ‘आनंदाने म्हणा’, ‘आपुलकीने म्हणा’ अशा सूचनांनी आवाजावर भावनेचा मुलामा चढतो. त्याऐवजी धीर देणे, समजूत घालणे, कान उघडणे, हळूच गुपित सांगणे अशी एक क्रिया ठरवली की भावना आपोआप मागून येते. तिसरा उपाय संहिता बाजूला ठेवण्याचा. मजकूर दोनतीनदा वाचून कागद पालथा घालायचा, तीच गोष्ट आपल्या शब्दांत एखाद्याला सांगायची, ते सांगणे ध्वनिमुद्रित करायचे आणि मग त्यात आपोआप आलेला सूर, विराम आणि वेग मूळ शब्दांवर बसवायचा. या पद्धतीचा आणखी एक फायदा असा की, सांगताना जो मुद्दा आठवलाच नाही तो मुद्दा आपल्याला नीट कळलेला नाही हे उघड होते, आणि शिक्षाकाराचा ‘अनर्थज्ञ’ तेथेच पकडला जातो.

देहाचा सहभाग हा या चर्चेत अनेकदा वरवरचा मानला जातो, पण त्याला भौतिक आधार आहे. हसऱ्या चेहऱ्याने बोलले की ओठ ताणले जातात, स्वरमार्गाची लांबी कमी होते आणि आवाजातील अनुनादाच्या जागा वर सरकतात, व्ही. सी. टार्टर यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ऐकणाऱ्यांना, चेहरा न पाहताही, हसून बोललेले वाक्य ओळखता आले होते. बोलताना हात न हलवणारा माणूस विरळा, म्हणून कागद हातात घट्ट धरून बसण्यापेक्षा तो स्टँडवर ठेवून हात मोकळे सोडल्यास वाक्याचा ठेका सुधारतो, मात्र बांगड्या, घड्याळ आणि सळसळणारे कपडे आधीच उतरवलेले असावेत. ध्वनिक्षेपकाविषयीही थोडेच सांगण्यासारखे आहे. एका दिशेने ग्रहण करणाऱ्या ध्वनिक्षेपकाच्या फार जवळ गेल्यास आवाजातील खर्ज वाढतो आणि कलावंत त्या जाडीच्या मोहात पडतो. ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांच्या उच्चारातील हवेचा झोत आडव्या कोनातून बोलल्याने चुकवता येतो. आणि हेडफोनमध्ये आपलाच आवाज मोठा ऐकू येत असेल तर माणूस अर्थाऐवजी आपल्या आवाजाकडे लक्ष देऊ लागतो, म्हणून पुष्कळ जण एक कान उघडा ठेवतात.

यातूनच आवाजाच्या घडणीविषयीचा एक जुना वाद समोर येतो. मराठीत ‘आवाज कमावणे’ हा शब्दप्रयोग आहे आणि गायकांच्या रियाजातून तो बोलण्याच्या क्षेत्रातही आला. याउलट ब्रिटिश आणि अमेरिकी रंगभूमीवर सिसली बेरी यांनी १९७३ मध्ये आणि क्रिस्टिन लिंकलेटर यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या पद्धतींचा रोख आवाजावरील ताण, लाज आणि सवयीची गाठ सोडवून मुळातला आवाज मोकळा करण्यावर आहे. मराठीत कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक आणि श्रेष्ठ नट असलेल्या डॉ. श्रीराम लागू यांनी ‘वाचिक अभिनय’ या पुस्तकात आणि अशोक दा. रानडे यांनी ‘भाषणरंग’मध्ये या विषयाचा स्वतंत्र विचार केला, हे मराठीचे भाग्य म्हणावे लागेल. व्हॉइसओव्हरपुरता निर्णय द्यायचा झाला तर कमावलेला आवाज दमसासासाठी आणि दीर्घकाळ गळा सांभाळण्यासाठी अपरिहार्य आहे, परंतु ऐकणाऱ्याला ती कमाई ऐकू येऊ लागली की काम बिघडले असे समजावे.

डबिंग, म्हणजे दुसऱ्या भाषेतील नटाच्या ओठांवर आपली भाषा बसवणे, हा या प्रश्नाचा सर्वांत कठीण प्रकार आहे, कारण तेथे वेग, विराम आणि श्वास हे सारे दुसऱ्याने ठरवून दिलेले असते. ‘प’, ‘ब’, ‘म’ या वर्णांसाठी ओठ मिटतात, म्हणून पडद्यावरचे ओठ मिटतात तेथे असाच एखादा वर्ण यावा लागतो. हिंदी वाक्य ‘है’ या एका अक्षरावर संपते, तेथे मराठीचा ‘आहे’ दोन अक्षरांचा होतो. आणि येथे मराठीची बोली रूपे मदतीला धावतात, कारण ‘आला आहे’ पडद्यावर मावत नाही तेथे ‘आलाय’ मावतो आणि अधिक खरेही वाटतो. ‘बाहुबली’च्या हिंदी आवृत्तीत प्रभास यांना शरद केळकर यांनी आणि ‘पुष्पा’च्या पहिल्या भागाच्या हिंदी आवृत्तीत अल्लू अर्जुन यांना श्रेयस तळपदे यांनी दिलेला आवाज प्रेक्षकांनी त्या नटांचाच मानला. मराठी कलावंतांनी हे यश दुसऱ्या भाषेत मिळवले, ही बाब अभिमानाची तर आहेच. पण मराठीत डबिंगला तशी संधी आणि तसा वेळ किती दिला जातो, हा प्रश्नही तिच्यामुळे उभा राहतो.

बोलत्या पुस्तकांची गोष्ट वेगळी आहे. २०१७ च्या अखेरीस स्टोरीटेल या बोलत्या पुस्तकांच्या सेवेने भारतात मराठीसह प्रवेश केल्यानंतर या क्षेत्राला व्यावसायिक रूप आले, परंतु त्यामागे मराठी कथाकथनाची समृद्ध परंपरा उभी होती. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगाव कथा सांगितल्या, पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने उभी केली. या साऱ्यांचा एक समान गुण असा की, पात्रे वेगळी दाखवण्यासाठी ते आवाज फारसा बदलत नसत, पात्राचा बोलण्याचा वेग, त्याची लकब आणि त्याची समजूत बदलत. दहा तासांच्या पुस्तकात स्त्रीपात्रासाठी बारीक आवाज काढणारा पुरुष वाचक पहिल्या तासातच ऐकणाऱ्याला थकवतो. बोलत्या पुस्तकात स्वाभाविकता म्हणजे निवेदकाची स्थिर दृष्टी, आणि ती टिकवण्यासाठी पुस्तक आधी संपूर्ण वाचलेले असणे याला पर्याय नाही.

अलीकडे स्वाभाविकतेचा अतिरेकही ऐकू येऊ लागला आहे. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री यांनी २००२ च्या अभ्यासात असे मांडले की, इंग्रजीतील अडखळण्याचे उद्गार निरर्थक नसून पुढे विलंब होणार आहे याची सूचना देतात. म्हणजे ते खऱ्या शोधाची खूण असतात. ज्या वाक्यात काही शोधायचे नाही तेथे मुद्दाम पेरलेला ‘अं’ म्हणूनच खोटा वाटतो. प्रत्येक वाक्याच्या शेवटी अर्धे हसू, प्रत्येक दुसऱ्या शब्दाआधी श्वास, सगळे काही सहज सोडून दिल्यासारखे बोलणे, ही जाहिरातींतील नवी चाल झाली आहे आणि शिक्षाकाराच्या भाषेत तीही गाऊन म्हणण्याचाच प्रकार आहे. दुसऱ्या टोकाला, संपादनात सगळे श्वास कापून टाकण्याची सवय तितकीच घातक आहे; श्वास नसलेला माणूस कानाला माणूस वाटत नाही.

‘कोणाची मराठी स्वाभाविक मानायची’ हा प्रश्न मात्र अद्याप कोणी गंभीरपणे हाताळलेला नाही. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी किंवा कोल्हापूरकडची बोली व्हॉइसओव्हरमध्ये येते ती बहुतेक वेळा हसवण्यासाठी किंवा खेडूत दाखवण्यासाठी. विमा, औषध किंवा कायदा यांविषयी विश्वासाने सांगायचे झाले की पुन्हा पुण्या-मुंबईची प्रमाणभाषा येते. ज्या घरी रोज वऱ्हाडी बोलली जाते तेथे लसीकरणाचा संदेश वऱ्हाडी वळणाने, गांभीर्याने सांगितला तर तो तेथील माणसाला अधिक आपला वाटेल, हे सांगायला कोणत्याही प्रयोगाची गरज नाही. ज्या कलावंतांची ती घरची भाषा आहे त्यांनी ती झाकून ठेवण्याचे ओझे वाहणे हे कलेच्या आणि समाजाच्या, दोन्ही दृष्टींनी नुकसानीचे आहे.

संगणकाने निर्माण केलेल्या आवाजाने या साऱ्या चर्चेला नवी निकड दिली आहे. जुन्या पद्धतीत सुटे ध्वनिमुद्रित शब्द जोडले जात, आणि स्थानकांवरील घोषणांत तो जोड आजही ऐकू येतो, कारण प्रत्येक शब्दाचा सूर स्वतंत्रपणे ठरलेला असतो. २०१६ साली डीपमाइंड या कंपनीने मांडलेल्या वेव्हनेट या प्रारूपापासून ध्वनिलहर थेट घडवणारी तंत्रे आली आणि यंत्राचा आवाज गुळगुळीत झाला. आवाजावरील हक्काचा प्रश्नही न्यायालयात पोहोचला. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंह यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. ठरावीक, चालीवर म्हटलेले, अर्थ न समजता वाचलेले निवेदन यंत्र आज स्वस्तात करू शकते, आणि तशाच कामावर विसंबलेल्या कलावंताचा रोजगार त्यामुळे खरोखर धोक्यात आहे. वाक्य कोणाला, का आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून सांगायचे, हे ठरवणाऱ्या कलावंताचे मोल मात्र त्यामुळे वाढते.

म्हणूनच मराठीत व्हॉइसओव्हर करून घेणाऱ्या जाहिरात संस्थांनी, शासकीय विभागांनी आणि प्रकाशकांनी तीन गोष्टी मान्य कराव्यात: मराठी संहिता अनुवादित न करता मराठीत विचार करणाऱ्या लेखकाकडून मुळातून लिहून घ्यावी, ती कलावंताच्या हाती निदान एक दिवस आधी द्यावी, आणि जे वाक्य तोंडात बसत नाही ते अर्थ न बदलता बदलण्याची मुभा त्याला लेखी द्यावी.